कोऱ्या हत्याराला फूल नाही

आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, एक नियम होता. खंडेनवमीला कोऱ्या हत्याराची पूजा करायची नाही. ज्याने काम केलं त्यालाच झेंडूचं फूल. दुसरा नियम त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण तो जास्त कडक होता: पोरीने हत्याराला हात लावायचा नाही. आबा हरसूलला सुतारकाम करायचे. नवमीला रंधा, पटाशी, करवत, हातोडी पाटावर मांडायचा आणि हळदकुंकू वाहायचा माझा धाकटा भाऊ. मी झेंडूच्या माळा ओवायचे आणि दारात उभी राहून बघायचे. फार राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू!

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा माझ्याकडे इंदिरानगरला राहायला आले. पूजा इथेच करायची ठरली, भाऊ हत्यारांची पिशवी घेऊन येणार होता. आणि माझ्या हॉलची एक भिंत वायरिंगसाठी फोडून कशीबशी बुजवलेली. मिस्त्री दोन महिने "उद्या येतो" म्हणत होता. त्याचा उद्या काही उजाडेना. एका सकाळी माझं डोकंच सणकलं. म्हटलं, गेला उडत! या भिंतीला लाकडी पॅनेल मीच लावणार, नवमीच्या आत लावणार, आणि यंदा माझं हत्यार पाटावर बसणार.

खांदा आखडलेला, त्यामुळे हातोडी चालवणं शक्य नव्हतं. म्हणून बॅटरीवर चालणारी नेलगन मागवली. ना वायर, ना हवेची नळी. तोंड लाकडावर दाबायचं, घोडा ओढायचा, फटाक! खिळा आत. भावाला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. "ताई, हातोडी धरायच्या आधीच बंदूक? दरोडा घालायचाय का कुठं?"

मी सगळं शिकले मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. त्यातली एक परदेशी बाई हसत हसत भिंतीला फळी टेकवायची, फटाफट खिळे मारायची, की झालं. मीही तेच केलं. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसऱ्याला आमच्या ह्यांनी धरलेलं पॅनेल निसटून त्यांच्याच पायावर पडलं. त्यांच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. अहो, त्या बाईचं घर लाकडाचं! माझी भिंत विटा-सिमेंटची, ती त्या बारक्या खिळ्याला काय भीक घालणार? आतल्या खोलीत आबा काळा चष्मा लावून पडले होते. सगळं ऐकू जात होतं त्यांना. नुसते खोकले.

दोन दिवस मी तोंड पाडून बसले. नवमी चार दिवसांवर आली होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता आठवलं की आबा गावच्या शाळेच्या भिंतीला फळ्या लावत होते, तेव्हा आधी आडव्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, ठोकल्या होत्या आणि फळ्या त्या रिपांवर मारल्या होत्या. मी तेव्हाही दारातच उभी होते. मेथी तशीच टाकून उठले. भिंतीला ड्रिलने भोकं पाडली, त्यात प्लास्टिकच्या गिट्ट्या बसवून रिपा स्क्रूने आवळल्या, आणि मग उचलली नेलगन. फटाक, फटाक, फटाक! खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, दिवाळी आत्तापासूनच का? एकदा खिळा अडकला, दोनदा बॅटरी संपली, नेलगन जड तर इतकी की मनगट भरून आलं; पण खांद्याला एक हिसका बसेल तर शपथ. अष्टमीच्या संध्याकाळी शेवटची फळी लागली. मी हॉलमध्ये एकटीने चक्क फुगडीची गिरकी घेतली.

नवमीला भावाने हत्यारं मांडली. मी शेजारी नेलगन ठेवली. तो म्हणाला, "हे खेळणं कशाला? कोरं असंल अजून."

आबा उठले. काळा चष्मा काढला आणि भिंतीपाशी गेले. वर आलेलं खिळ्याचं डोकं सापडतंय का म्हणून सगळ्या भिंतीवरून तळहात फिरवला. मग बोटाच्या पेराने ठोकत ठोकत गेले.

"आतून रिपा टाकल्या?"

"हो आबा."

"कोनी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. दारातून बघायचे ना मी."

आबांनी काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग भावाला म्हणाले, "ताट तिच्या हातात दे."

ज्या हातोडीला जन्मात हात लावू दिला नव्हता, ती मी आधी मुठीत घट्ट धरली आणि मग तिला कुंकू लावलं. त्यानंतर माझ्या बंदुकीला. फुलं वाहायला वळले, तर भाऊ दारात उभा होता, हातात झेंडूची माळ घेऊन.