विसावा ओलांडून गेलेली मार्थाबाई

मार्थाबाई मेली.

नात म्हणते, आजी, पोस्टमध्ये ‘प्रभूमध्ये निजली’ असं लिहू. मी म्हटलं, लिही. नव्वदी ओलांडून आता कुठे निजली बिचारी. त्याआधी निजलेली मी तरी तिला पाहिली नाही.

मी बोलते आहे, नात टाइप करते आहे. मला अक्षर येत नाही.

बाईनंच शिकवायला घेतलं होतं. ती पाटीवर ‘अ’ काढायची, मी विचारायची, याले शेपूट काऊन आहे? शेवटी कंटाळून म्हणाली, “तू विचारतच राह्य. लिवायचं दुसरं कोणी पाहीन.”

देवळीच्या पलीकडे आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडीच. पादरीसाहेब वर्ध्याला राहायचे, महिन्यातून एखाद्या रविवारी मोटारीनं यायचे.

बाकीचे दिवस आम्ही मार्थाबाईच्या भरवशावर.

ती मिशनची बाई. तरुणपणीच विधवा झालेली. घरोघर जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, दुखण्याखुपण्यात प्रार्थना करायची, ही तिची ड्यूटी. राहायला मिशननं एक खोली दिली होती. तेवढाच आसरा.

नियम एकच. बायांमध्ये कितीही बोल, पण पुरुषांपुढे प्रार्थना चालवायची नाही. एकदा तिनं चालवली, तर पादरीसाहेबांनी बजावलं होतं, पुन्हा कानावर आलं तर काम गेलं आणि खोलीही.

मला तेव्हापासून कोडं पडलेलं. पोर तापानं फणफणलं की हिची प्रार्थना देवाला ऐकू जाते. मग एखादा काका दारातून आत आला की बंद पडते का? रेडिओसारखी?

नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माझी आजी वारली.

जाताना बाईचा हात धरून म्हणाली, “माह्यावर प्रार्थना तूच करजो, मार्था.”

बाईनं हो म्हटलं. आमच्या मंडळीचे पंच तिथेच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

सायकलवर माणूस वर्ध्याला धाडला. पादरीसाहेब लग्न लावायला आर्वीला गेलेले, परवा येतील म्हणे.

वर्ध्याचा वैशाख. परवापर्यंत मयत घरात कोण ठेवतं?

आता आमच्याकडची रीत ऐका. आमचा देव बदलला, पण विसावा तोच राहिला. अर्ध्या वाटेवर कडुनिंबाखाली तिरडी टेकवायची, खांदे बदलायचे, आणि बायांनी तिथूनच माघारी फिरायचं. पुढे फक्त पुरुष.

पंचांनी तोड काढली. बाईनं विसाव्यावर पौलसकाकाला प्रार्थना सांगायची, आणि त्यानं ती कबरीपर्यंत न्यायची.

भरलेली घागर न्यावी तशी.

पौलसकाका पंचांपैकीच. गळा गोड, डोकं म्हणजे गाळणी.

गेला. थोड्या वेळानं परत आला. “बाई, पुनरुत्थानाच्या पुढं काय व्हतं?”

बाईनं सांगितलं. गेला. पुन्हा आला, घामानं निथळत. या खेपेला सुरुवातच सांडली होती.

बाया पदराआड हसत होत्या. माझी आई सोडून. तिची सासू तिकडे खड्ड्याच्या काठावर उन्हात पडली होती.

बाई उठली.

आईनं तिचा पदर धरला. “बाई, खोली जाईन तुही.”

“जाईन त जाईन. म्या म्हातारीले हो म्हटलं हाय.”

कबरीपाशी पंच आडवे आले. बाईमाणसानं इथवर यायचं नसतं, म्हणाले.

ती आवाज न चढवता बोलली, “प्रभूच्या कबरीवर सकायी पयले कोण गेलतं? बायाच ना? माणसं तवा दाराले कडी लावून बसली व्हती.”

पंचांनी वाट सोडली. शास्त्र त्यांनीही ऐकलेलं होतं. पंचाईत झाली.

बाई पुढे, तिच्या मागे आई, आईच्या मागे मी. कबर मी पहिल्यांदाच पाहत होते. आत काय असतं म्हणून वाकून पाहिलं. नुसती काळी माती.

बाईनं पुस्तक उघडलं नाही. आजीचं नाव घेतलं. आजीच्या जगलेल्या लेकरांची नावं घेतली, मग न जगलेल्यांचीही. ती तर घरात कोणी घेत नव्हतं. आणि म्हणाली, प्रभू, ही फार दमून आली आहे, हिला आधी बसायला दे.

आमेन सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं असेल? पौलसकाका.

पादरीसाहेब आले तेव्हा बाईनं आपली पत्र्याची पेटी बांधून दारात ठेवली होती.

साहेबांनी पंचांना विचारलं, प्रार्थना कोणी चालवली?

बाई तोंड उघडणार, तेवढ्यात पौलसकाका उभा राहिला. “म्याच चालवली, साहेब. तोंड तेवढं बाईचं व्हतं.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मग म्हणाले, बाईंना सांगा, पेटी उन्हात ठेवू नये.

झालं. एवढाच निकाल.

वेदीची पायरी मात्र तिला कधी चढू दिली नाही. पण त्यानंतर गावात मयत झाली की आधी निरोप बाईला जायचा, मग वर्ध्याला. हल्ली काही ठिकाणी बायाही पादरी होतात, हे मी तिला सांगितलं, तर हसून म्हणाली, पौलसच्या तेवढ्या चकरा वाचल्या असत्या.

त्या दिवशी पेटी परत आत नेताना एक कडी तिनं धरली, एक मी. तेव्हाच विचारून घेतलं. “बाई, बोलणारी बाई हाये का माणूस, हे देवाले वरून कसं समजते?”

पेटी खाली ठेवून तिनं कंबर सरळ केली.

“त्यानं मले कदी विचारलं नाई. म्या बी कदी सांगतलं नाई.”

उद्या सकाळी तिची माती आहे. सगळ्या बायांनी कबरीपर्यंत यायचं आहे.

पुरुष आले तरी चालेल.

मार्थाबाई, तुला माझा सलाम.