कानातला लाल दोरा

नोर्झोमकाकू मरणाच्या दारातून परत आल्या, तेव्हा लुबुमकाकांनी आपली सर्वांत देखणी मेंढी नवसाला सोडली. तिच्या कानात लाल दोरा ओवला. अशी मेंढी आमच्याकडे कोणी कापत नाही, विकत नाही, बांधूनही ठेवत नाही. नवस मोडला, तर ज्याच्यासाठी केला तोच माणूस जातो, असं काका मानत.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मेंढीला जांभळ्या फुलांची चटक लागली. वाटाण्याच्या कुळातली ही फुलं आमच्या उंच कुरणांत दरवर्षी त्याच मुळांतून उगवतात. ती खाणाऱ्या जनावराला मग दुसरा चारा गोड लागत नाही. मान थरथरते, पाय लटपटतात आणि ते झिजून मरतं. शिवाय एकीचं पाहून बाकीच्याही खायला शिकतात.

"काप तिला," शेजारचा धोंडुप म्हणाला. "का लग्न लावायचंय तिच्याशी?"

"आणि नोर्झोमला काही झालं, तर सातूचं पीठ मळायला तू येशील?" काकांनी विचारलं.

हिवाळा संपेपर्यंत बाकीचा सगळा कळप मेला. मी भेटायला गेलो, तेव्हा एकटी लाल दोऱ्याची मेंढी अंगणातल्या भिंतीवर डोकं आपटत होती. काकू चुलीत शेणी सारत होत्या.

"त्यापेक्षा मीच गेले असते तर बरं झालं असतं, नाही हो?" त्यांनी हसत काकांना विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. ते उत्तराचा विचार करत होते.