डोरीन पिंडर आणि कोंडवाड्याची किल्ली

डोरीन पिंडरने पाद्रीबाबांना रात्रभर कोंडवाड्यात डांबून ठेवलं होतं, असं विदर्सबीत कुणीही शपथेवर सांगेल. सांगणारा जितका लहान, तितकी त्या रात्रीची थंडी जास्त. परवा एकाने तर त्या रात्री बर्फही पाडला.

साफ खोटं आहे. डांबलं होतं ते पाद्रीबाबांच्या गाढवाला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिरवणुकीसाठी आणलेलं ते गाढव सुटलं आणि युद्धस्मारकावरची सगळी फुलं खाऊन मोकळं झालं. डोरीनने कान धरून त्याला कोंडवाड्यात नेलं. आता आमच्याकडे जनावर सोडवायचं तर मालकाने फाटकाशी उभं राहून लोकांदेखत मोठ्याने म्हणायचं असतं, 'जनावर माझं, चूक माझी.' एवढंच, बाकी दंडबिंड काही नाही. पाद्रीबाबा म्हणाले, चूक गाढवाची आहे. आणि त्याला आणायला स्वतःच आत शिरले. डोरीनने बाहेरून कडी घातली.

"सावकाश, राजा," ती म्हणाली. "दोघांचं बोलणं होऊ द्या. तोवर मी चहा टाकते."

पाणी उकळायच्या आत पाद्रीबाबांना स्वतःची चूक दिसली. रात्रभर कसलं!

एरवी डोरीन मासे-बटाट्याच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची. पण कुठे मेंढी सुटल्याची खबर आली की तळणीतला मासा तळणीत, गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून उभं, आणि ही एप्रनसकट रस्त्यावर. किल्ली गळ्यात असायचीच. कोंडवाडा म्हणजे दारूच्या गुत्त्याला लागून असलेली एक गोल दगडी भिंत, तिला एक फाटक, आत चिखल. पण डोरीन तिथल्या दगडावर हात ठेवायची तो घरच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

कारण पिंडर म्हणजेच कोंडवाडेवाला. गाव वसलं तेव्हा भटकी जनावरं कोंडायचं काम ज्याच्याकडे आलं त्याला लोक पिंडर म्हणू लागले, पुढे त्याच्या पोरालाही म्हणू लागले, आणि नाव घराण्याला चिकटलं. चर्चमागच्या दफनभूमीत पिंडरांची इतकी दाटी आहे की परक्या माणसाला मरायची चोरी. यॉर्कशरात पूर्वी गावोगाव पिंडर होते. विदर्सबीत मात्र जिवंत पिंडर एकच उरली होती, आणि तिला मूलबाळ नव्हतं.

त्यात गेल्या शरदात रॉजर थ्वेटच्या एडक्याने तिला चर्चच्या भिंतीपर्यंत फरफटत नेलं. गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, आता जनावरामागे धावणं बंद.

इथे खरा घोळ होता. ईस्टरच्या सोमवारी कोंडवाड्याशी गाव जमतं आणि वर्षभरासाठी किल्ली पिंडरच्या हाती देतं. किल्ली घ्यायला पिंडर नसेल तर जागा ग्रामसभेकडे जाते. ग्रामसभेचा अध्यक्ष रॉजर थ्वेट. शेजारचा गुत्ता रॉजर थ्वेटचा. आणि कोंडवाड्याच्या जागी मांडायच्या टेबलांवरच्या छत्र्या रॉजर थ्वेटने आधीच आणून ठेवल्या होत्या, पट्ट्यापट्ट्यांच्या.

"म्हणजे, मला म्हणायचंय काय, की," तो दर वाक्याआधी घसा खाकरून म्हणायचा, "अह्हं, भावना वेगळ्या आणि धंदा वेगळा."

काम करायला माणसं नव्हती असं नाही. मेंढपाळाची बायको ब्रेंडा हर्स्ट दोन काखांत दोन मेंढ्या घेऊन कुंपण ओलांडायची. ती डोरीनकडे दोनदा येऊन गेली.

"तुझं आडनाव काय गं, राजा?"

"हर्स्ट. माहितेय ना तुला!"

"मग?" असं म्हणून डोरीनने बटाट्यांवर व्हिनेगर शिंपडलं. विषय संपला.

फेब्रुवारीत गुडघ्याचं ड्रेसिंग बदलायला नवीन नर्स घरी आली. उंच, काळीभोर, हसरी, यॉर्कशरच्या थंडीने नाकाचा शेंडा गारठलेली. कोट काढत तिने सांगितलं, "मी सिस्टर पिंडर. लव्हर्न पिंडर."

डोरीनच्या हातातली बशी खाली पडली. फुटली नाही, पण घरंगळत थेट पलंगाखाली गेली, आणि दोघी ती थांबेपर्यंत बघत राहिल्या.

"काय म्हणालीस?"

"पिंडर. का, काय झालं मिस डोरीन?"

"पिंडर मी आहे!"

"असाल की. मीपण आहे."

"कुणाची पिंडर? कुठली?"

"बहामाची. आमच्या बेटावर दगड भिरकावलात तर लागणारा पिंडर, आणि दगड का मारलास म्हणून ओरडणारी बाई तीही पिंडर. माझ्या वर्गात आम्ही सातजणी होतो. बाई नुसतं 'पिंडर' म्हणायच्या आणि अर्धी बाकं उभी राहायची."

शेवटची पिंडर म्हणून जी बाई इतकी वर्षं ताठ मानेने जगली, तिला कुणीतरी येऊन सांगत होतं की समुद्रापलीकडे पिंडरांची शाळा भरते.

"पण गेलं कसं आमचं नाव तिथे?"

लव्हर्नने पट्टीचं टोक दाबून बसवलं. हसू तसंच होतं, आवाज मात्र खाली आला. "काही गोरे पिंडर जहाजाने आले. त्यांनी माणसं विकत घेतली. विकत घेतलेल्यांवर मालकाचं नाव टाकायची पद्धत होती. माझ्याकडे आलंय ते त्या वाटेनं. दुखतंय का इथे?"

"नाही," डोरीन म्हणाली. दुखत होतं.

पुढचे आठ-दहा दिवस ती दुकानात चुकीच्या माणसांना चुकीचे मासे देत राहिली. आयुष्यभर ती अभिमानाने सांगत आली होती, आम्ही पिंडर, आम्ही फक्त जनावरं कोंडतो, आणि मालक आला की सोडतो. एका सकाळी एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे देतादेता ती मोठ्याने म्हणाली, "माणसं?" गिऱ्हाईक दचकून मागे सरलं.

शेवटी तिने लव्हर्नला विचारलंच. अंग चोरून, एखाद्याकडे उधार मागावं तसं. "तुला नको वाटेल, राजा. मला कळतं. पण किल्ली..."

लव्हर्न इतकी हसली की तिची बॅग मांडीवरून घसरली. "ज्या नावाने आमच्या माणसांना कोंडलं, त्या नावाची किल्ली माझ्या गळ्यात? द्या, मिस डोरीन. आजच द्या."

"मेंढ्यांची भीती नाही ना वाटत?"

"आमच्या आजोबांचा खेकड्यांचा कोंडवाडा होता. पावसाळ्यात पकडायचे, कोंडून मका चारायचा, मग खायचे. मी सांभाळलेत ते. मेंढीला नांग्या तरी नसतात."

ईस्टरच्या सोमवारी झाडून सगळं गाव आलं. डोरीन गुडघ्यामुळे खुर्चीत. तिने लव्हर्नचं नाव पुकारलं, तेव्हा इतकी शांतता पसरली की ब्रेंडाच्या कुत्र्याने अंग खाजवलेलं ऐकू आलं.

रॉजर लालबुंद झाला. "अह्हं! म्हणजे, मला म्हणायचंय काय, की बाई चांगल्या आहेत. माझ्या बीपीची गोळी यांनीच बदलली. पण पिंडर म्हणजे इथला पिंडर. रक्ताचा. नाव काय, कुणालाही कसंही चिकटतं!"

"कसंही चिकटतं?" डोरीन ओरडली. "अरे, पहिला पिंडर काय पिंडरच्या पोटी जन्मला होता? असेल कुणीतरी टॉम नाहीतर विल. त्याने काम धरलं म्हणून लोकांनी नाव ठेवलं! काम आधी, नाव मा..."

आणि ती मध्येच थांबली. तोंड तसंच उघडं. ती ब्रेंडाकडे बघत होती.

"अगं ब्रेंडा," ती म्हणाली, "तुला तर मी उगाचच परत पाठवलं."

"तेच सांगत होते गं मी! दोनदा!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. पण लव्हर्न पुढे आली. "ब्रेंडाला पुढच्या वर्षी द्या. या वर्षीची मी मागितलीय. माझ्याकडे नाव आधीच आहे, काम तेवढं बाकी आहे."

"मग जनावर आणून दाखवा!" रॉजर म्हणाला. त्याला रीत पक्की ठाऊक होती. नव्या पिंडरने त्याच दिवशी, सगळ्यांदेखत, एकटीने एक जनावर कोंडायचं. तोवर जुन्या पिंडरने बसल्या जागेवरून उठायचं नाही. उठली की मदत केली असं धरतात, आणि नेमणूक रद्द. आपलाच एडका, तोच तो गुडघेफोड्या, त्याने हिरवळीवर सोडला.

मी डोरीनच्या खुर्चीला टेकून उभी होते. ती आत्ताच खुर्चीच्या टोकाशी सरकली होती.

"तुला नाही बसवणार," मी म्हणाले. "उठशील तू."

"पैज?"

"पैज. हरले तर दुकानातले शनिवारचे सगळे बटाटे मी सोलते."

लव्हर्न एडक्यामागे धावलीच नाही. हात पसरून, गुडघ्यात वाकून, आडवी आडवी चालत तिने त्याची तळ्याकडची वाट बंद केली. मग चर्चकडची. एडक्याने अशी नर्स कधी पाहिली नव्हती. तो मागे सरकला, आणखी मागे, फाटकापासून हातभर अंतरावर आला. आणि तिथे त्याने डोकं खाली घालून मुसंडी मारली.

लव्हर्न चिखलात उताणी पडली. बायका किंचाळल्या. रॉजरने डोळे मिटून घेतले, आणि मला वाटतं, मिटल्या डोळ्यांपुढे छत्र्या बघितल्या. डोरीन पुढे झुकली. तिचं बूड खुर्चीवरून इंचभर सुटलंय असं मला वाटलं आणि मी ओरडणार, इतक्यात कडकन आवाज झाला. खुर्चीचा एक हात उपटून तिच्या मुठीत आला होता. बूड जागच्या जागी. चेहरा पांढरा, ओठ हलताहेत, "शिंगं धर, राजा, शिंगं, शिंगं," पण इतक्या हळू की ते फक्त मला ऐकू आलं.

लव्हर्नने शिंगं धरली नाहीत. तिने पडल्यापडल्या एडक्याचा मागचा पाय धरला, खेकड्याचा धरतात तसा, मागून, आणि त्याला उलटा ओढत आत नेला. फाटक वाजलं. मग गाव जे ओरडलं!

"खुर्ची मोडली की," मी म्हणाले. "ते उठल्यातच जमा."

"खुर्ची उठली असेल, राजा," डोरीन म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं, आणि लाकडाचा तो तुकडा तिने अजून सोडला नव्हता. "मी बसलेय. शनिवारी सकाळी लवकर ये. आणि जाड सालं काढायची नाहीत."