डागांवरचा रंग

माझ्या उजव्या हातावर कोडाचे तीन डाग आहेत. शाळेत खडू उचलला की नव्या मुली आधी हात बघतात, मग फळा. त्याची मला सवय झाली होती. पण मझौली गावच्या नणंदेनं मुलीचं लग्न ठरवलं आणि फोनवर म्हणाली, "वहिनी, हात जरा पदराखाली ठेवजा. पाहुणे विचारतात."

पुण्याच्या भाचीला हे सांगितलं, तर तिनं एक लोशन पाठवलं. उन्हात न जाता कातडीला रंग चढवणारं. "मावशी, एकदम सोपं आहे. लाव आणि विसरून जा."

रविवारी आंघोळ झाल्यावर मी ते तेलासारखं अख्ख्या हाताला चोळलं. दुपारपर्यंत काहीच दिसेना, म्हणून पुन्हा चोळलं. संध्याकाळी डाग नारिंगी, आजूबाजूची कातडी काळपट, तळवा पिवळा. साबण लावला, लिंबू लावलं, बेसन लावलं. ढिम्म. भाजीवाली म्हणाली, "दीदी, हाथ में क्या हो गया?" इतक्या वर्षांत डागांबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं.

"काहून त्रास करून घेऊन राहिली?" नवरा म्हणाला. मला त्याचाही राग आला. त्याच्या हाताकडे कोण बघतं?

भाचीला फोन केला. "अगं, फक्त डागावर! कान साफ करायच्या काडीनं, कडेच्या आत, पातळ. आधी एकाच डागावर करून बघ. आणि लगेच तळवे धू."

हे आधी सांगायला काय झालं होतं?

रंग उतरायला आठवडा गेला. मग एकच डाग घेतला. पहिल्यांदा फिका, दुसऱ्यांदा कडेला रेघ, तिसऱ्यांदा जमलं. तर भांडी घासून चार दिवसांत तोही रंग गेला! काडी फेकून दिली. दुसऱ्या दिवशी चडफडत दुसरी घेतली.

शनिवारी तिन्ही डाग रंगवले आणि रविवारी लग्नात मी पदर खांद्यावरच ठेवला, हात उघडा. नणंदेनं माझा हात उलटसुलट करून पाहिला. "अच्छा, बरे झाले जी डाग! आता कसं छान दिसून राहिलं."

"बरे नाही झाले," मी म्हणाले. "रंग लावलाय. बुधवारी पुन्हा दिसतील."

तिनं हात सोडला आणि पाहुण्यांकडे गेली.

लोशन अजून कपाटात आहे. मनात आलं तर लावते, एखाद्याच डागाला. बहुतेक आठवडे कंटाळाच येतो.