कोपऱ्यातलं नाव

'बेवारस' हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं.

इथे कॅनडातल्या स्कारबरोत आमच्या शेजारी एक वयस्कर चित्रकार बाई राहतात. तरुणपणी त्या लॉस एंजेलिसला होत्या. तिथे मेक्सिकन वंशाच्या, स्वतःला ताठ मानेने चिकानो म्हणवणाऱ्या त्यांच्या मित्रांनी मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता स्वतःच सिनेमे काढले. त्यांची पोस्टरं बाईंनी गॅरेजमध्ये हाताने छापली.

त्यातला एक सिनेमा लाँड्रीतल्या कामगार बायकांचा. आमच्या आंबेडकरी मंडळाने तो दाखवायचं ठरवलं, तेव्हा पोस्टर मीच मागून आणलं. बाईंची अट एकच होती: खालच्या कोपऱ्यातलं त्यांचं नाव तेवढं राहू द्यायचं.

सेक्रेटरीने स्कॅन करताना नेमका तोच मळकट कोपरा कापला. शिवाय तिथे कॉपीराइटचं चिन्ह टाकून आमच्या मंडळाचं नाव घातलं, ठसठशीत देवनागरीत.

मी फोन केला. नागपूरचा हा गृहस्थ थंडपणे म्हणाला, "ताई, पब्लिक डोमेनमध्ये आहे ते, मी चेक केलं. त्या टाइमला त्यांनी कॉपीराइटचा साइनच नाही टाकला. बेवारस आहे ना! कशाला टेन्शन घेऊन राहिल्या?"

अर्धवट ज्ञान! चिन्ह नाही तर हक्क नाही, हा अमेरिकेचा नियम, तोही जुना. लायब्ररीतल्या जाणकार ग्रंथपालांनी मला समजावलं की इथे कॅनडात चिन्ह असो वा नसो, चित्र काढणारा जिवंत आहे तोवर आणि पुढेही बरीच वर्षं हक्क त्याचाच. आणि समजा गेलाच असता हक्क, तरी सार्वजनिक म्हणजे बेवारस? सार्वजनिक पाणवठ्यासाठी लढलेल्यांची आपण लेकरं. पाणी सगळ्यांचं, म्हणून तळ्यावर आपल्या नावाची पाटी ठोकायची?

कमिटीने मलाच सुनावलं, "ताई, उगाच इश्यू करू नका, मंडळाचं नाव खराब होतं. आता प्रिंट झालंय, नेक्स्ट टाइम क्रेडिट देऊ." चोराच्या उलट्या बोंबा! पण मी चरफडत गप्प बसले. ती चूक माझी.

शनिवारी, सिनेमा दाखवायच्या दिवशी, बाई बर्फातून काठी टेकत हॉलवर आल्या. कोटही न काढता थेट पोस्टरपाशी गेल्या, वाकल्या आणि कोपऱ्यातल्या देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे माझं नाव?" त्यांनी मला विचारलं. "तुमच्या लिपीत लिहिलंत?" त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही," मी म्हणाले, आणि सगळ्या कमिटीदेखत ते पोस्टर भिंतीवरून टरकन ओढून काढलं.