डावीकडची पेटी

लिमातल्या त्या रस्त्याचं नाव सरकारने कधीचंच बदललं, पण आम्ही त्याला अजून विल्सनच म्हणतो. विल्सनवर कॉम्प्युटरची दुकानं एकावर एक रचलेली आहेत आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे एकच वाद चालतो: लाल चांगला की निळा? प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या मुख्य दोन, एकीचा खोका लाल, दुसरीचा निळा. गिऱ्हाइकाने तोंड उघडायचा अवकाश, दुकानदार उत्तर हातावर ठेवून मोकळा. ज्या खोक्यांचा ढीग मोठा, तो रंग चांगला.

तिसऱ्या मजल्यावरचे अनाक्लेतो सुल्का मात्र उत्तर देत नसत. ते उलट विचारत, "कोणासाठी?"

मग ते दोन तयार कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडत आणि दोन्ही पेट्यांवर अयाकुचोहून आईने विणून पाठवलेलं जाड कांबळं टाकत. एकीत लाल, एकीत निळा. गिऱ्हाइकाने अर्धा तास डावीकडे बसायचं, अर्धा तास उजवीकडे. आधी गेम, मग रोजची कामं: हिशेबाचा तक्ता, वीस उघड्या खिडक्या, व्हिडिओवरचं बोलणं. शेवटी डावा की उजवा तेवढं सांगायचं, मग कांबळं निघायचं. मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघून लाल रंगाच्या शपथा खात आलेली पोरं निळ्यावर बोट ठेवत आणि तोंडं पाडून तोच घेऊन जात. निळ्याच्या भक्तांचंही तेच व्हायचं. अनाक्लेतो अशा वेळी हसत नसत. हसायला शेजारच्या गाळ्यात केबल विकणारी योवाना होती.

हा माणूस फटकळ नव्हता, गोडबोल्याही नव्हता. बावीस वर्षं दीड मीटरच्या गाळ्यात तो उभा राहिला आणि त्याने कोणालाही नको ती वस्तू गळ्यात मारली नाही. आमच्या विल्सनवर हे सांगितलं तर लोक आधी विश्वास ठेवत नाहीत, मग पत्ता विचारतात.

याच विश्वासातून ती पाद्रिनोची रीत पडली. आमच्याकडे बाळाला पाद्रिनो, म्हणजे मानलेला धर्मपिता, लागतो, लग्नाला लागतो, नव्या ट्रकला आणि नव्या छपरालाही लागतो. एका बाईने हट्ट धरला की कॉम्प्युटरलाही हवा आणि ते अनाक्लेतोच हवेत. तेव्हापासून पायंडाच पडला. घरची माणसं गाळ्यासमोर गोळा व्हायची. पाद्रिनोने स्वतःच्या हाताने प्रोसेसर जागेवर बसवायचा, दांडी दाबायची, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि जांभळ्या मक्याच्या सरबताचे चार थेंब जमिनीवर शिंपडायचे. त्या क्षणापासून अनाक्लेतो त्या घराचे कोम्पाद्रे, म्हणजे मानलेले सोयरे, आणि घरची बाई त्यांची कोमाद्रे. हे नातं तोंडदेखलं नसतं. कोम्पाद्रेशी खोटं बोलायचं नसतं, त्याचा शब्द तपासून बघायचा नसतो. आणि पाद्रिनोचं काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

गेल्या मेमध्ये, आमच्याकडचा हिवाळा सुरू होताना, त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी सूप पिताना चमचा कपाला लागून वाजायचा. मग सही बिघडली. सरकारी दवाखान्यात मोठ्या डॉक्टरची तारीख सात महिन्यांनंतरची मिळाली. अनाक्लेतोंनी कोणालाही सांगितलं नाही. गाळ्यावर ते हात एप्रनच्या खिशात ठेवू लागले आणि योवानाला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी बाधते आहे.

आता यातली एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. ते विकायचे त्या लाल प्रोसेसरच्या पोटाला बारीक पाय होते. हात चुकून एखादा पाय वाकला तर दाबायच्या पेन्सिलीच्या पोकळ टोकात धरून तो सरळ करता यायचा. निळ्याचं पोट मात्र सपाट. त्याचे पाय खाली मदरबोर्डावरच्या जागेत, केसासारखे, शेकड्यांनी. त्यांच्यावर प्रोसेसरचा कोपरा आपटला की बोर्ड गेला. निळा बसवायला हात देवाच्या मूर्तीसारखा स्थिर हवा. जूनमध्ये एका शिक्षकाच्या कुटुंबासमोर अनाक्लेतोंच्या हातून तो कोपरा आपटला. बोर्डच खराब निघाला म्हणून त्यांनी वेळ मारून नेली, दुसरा बोर्ड आणला आणि सगळं अंग घामाने भिजलेलं असताना कसाबसा निळा बसवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नंतर त्यांच्याकडून लालच जास्त जायला लागले. खोटं बोलायची वेळ येत नव्हती. गेम खेळणाऱ्यांना लाल थोडा सरस होताच. बाकीच्यांना हलकेच तिकडे वळवता यायचं.

"काय काका, लाल पक्षाकडून निवडणुकीला उभे राहताय का?" योवानाने एकदा विचारलं.

"तुझं एक मत धरून चाललोय," अनाक्लेतो म्हणाले. ती हसली, हेही हसले आणि खिशातला हात खिशातच राहिला.

ऑगस्टमध्ये दोमितिला न्याउपा आली. पन्नाशीची, डोक्यावर टोपी, बोलणं भरभर. ती घरी बसून दुभाषाचं काम करायची. डोंगरातल्या दवाखान्यांत क्वेचुआ बोलणाऱ्या म्हाताऱ्या येतात, डॉक्टर असतो लिमाचा, त्याला क्वेचुआ येत नाही. मग दवाखान्यातून व्हिडिओवर दोमितिलाला बोलावलं जायचं आणि ती त्याचं हिला, हिचं त्याला सांगायची. जुना कॉम्प्युटर मध्येच अडकायचा. नवा घ्यायचा होता. दिवसा तिचं काम, संध्याकाळी तिचा विशीतला मुलगा रोमुलो त्यावर गेम खेळणार. चुलतभावाने दिलेलं एक जुनं ग्राफिक्स कार्ड तो घेऊन आला होता.

कार्ड हातात घेताक्षणी अनाक्लेतोंना उत्तर कळलं. त्याचा पंखा घरघरत होता. फार दिवसांचा सोबती नव्हता तो. लाल प्रोसेसर गेममध्ये पुढे, पण त्याला स्वतःचं चित्र दाखवता येत नाही, कार्ड गेलं की स्क्रीन काळी. निळ्याच्या पोटातच चित्र दाखवायची सोय. कार्ड गेलं तर गेम बंद पडेल, बाईचं काम नाही. इतकी सरळ तुलना त्यांना वर्षभरात मिळाली नव्हती.

दोमितिला दोन्हीकडे बसली. व्हिडिओ लावून तिने बहिणीशी गप्पा मारल्या, बाजूला शब्दांच्या याद्या उघडल्या. रोमुलोने गेम खेळून बघितला आणि उजवा म्हणाला, पण जरासाच फरक आहे, आईला हवा तो घेऊ म्हणाला.

"डावा. हा माझ्याबरोबर चालतो," दोमितिला म्हणाली.

डाव्या पेटीत निळा होता. अनाक्लेतोंनी कांबळ्याला हात घातला. त्यांच्या डोळ्यांपुढे तो शिक्षक आला, त्याच्या लहान मुली आल्या, आपटलेला कोपरा आला. खिशातल्या हाताची बोटं आपोआप हलत होती.

"डावा म्हणजे लाल," ते म्हणाले.

बावीस वर्षांत हे असं पहिल्यांदाच घडलं. कोणी तपासलं नाही. कांबळ्याखालच्या दोन्ही पेट्या सारख्या काळ्या, रंगाची चिठ्ठी पाठीमागे, भिंतीकडे. कोण कशाला तपासेल?

शनिवारी समारंभ झाला. दोमितिलाची बहीण सरबताची बाटली घेऊन आली. अनाक्लेतोंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, लोकांना ती काहीतरी रीतच वाटली, आणि लाल दुसऱ्या खेपेला जागेवर बसला. टाळ्या पडल्या. दोमितिलाने त्यांना मिठी मारली आणि पहिल्यांदा कोम्पाद्रे म्हणाली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या फोन करून खरं सांगू असं त्यांनी ठरवलं. तो उद्या चार महिने पुढे ढकलला गेला.

डिसेंबरमध्ये एका सकाळी दोमितिला पाठीवर रंगीत कापडात बांधलेला कॉम्प्युटर घेऊन जिने चढून आली. लेकरू आणावं तसा तो तिने आणला होता. गाठ सोडून पेटी टेबलावर ठेवली आणि तीच आधी बोलू लागली. मंगळवारी कार्ड गेलं. आंदाउआयलासच्या दवाखान्यातून बोलावणं आलेलं होतं. समोर सत्तरीची आजी, एकटी. डॉक्टर सांगत होता की हृदयाची जुनी गोळी आजपासून बंद करायची, नवीच्या बरोबर ती घेतली तर जिवावर बेतेल. दोमितिलाने नव्या गोळीचं सांगून संपवलं होतं. जुनीचं सांगायला तोंड उघडलं आणि स्क्रीन काळी झाली.

"आवाज गेला, सगळंच गेलं. मी फोन शोधला, दवाखान्याला लावला. वीस मिनिटांनी कोणीतरी उचलला. ती निघून गेली होती, गावाकडचा ट्रक सुटायची वेळ झाली म्हणून. मानेने हो हो म्हणाली म्हणे, डॉक्टरला वाटलं, समजलं हिला."

"मग?" अनाक्लेतोंनी विचारलं.

"मग काय? मला नाव देत नाहीत, कोम्पाद्रे. मला फक्त खोलीचा नंबर देतात. त्यांनी निरोप पाठवलाय म्हणे वरच्या गावाला. पोचला की नाही कोण सांगणार?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीवरून गरम काढा विकत होता, त्याची हाळी तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येत होती.

"तुम्हाला दोष नाही देत मी," दोमितिला म्हणाली. "डावा मीच म्हणाले होते. तुम्ही सगळं समोर मांडलंत, माझ्याच हाताने चुकीचा निवडला. चार रात्री हेच डोक्यात फिरतंय."

योवाना केबल गुंडाळता गुंडाळता थांबली होती. अनाक्लेतोंनी शोकेसमधून निळा प्रोसेसर काढला, नवा बोर्ड काढला, दोन्ही टेबलावर ठेवलं. मग एप्रनच्या खिशातून उजवा हात काढून तोही त्यांच्याशेजारी ठेवला. हात टेबलावर टकटक वाजत राहिला. तो लपवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

"डावा निळा होता," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर निवडलं होतं. माझ्या हाताने निळा बसत नाही आता. म्हणून मी लाल म्हणालो."

दोमितिलाने आधी हाताकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर निदान खाली मान घालून ऐकता आल्या असत्या. तिला एवढंच विचारायचं होतं की शेजारच्या बाईला बसवून द्यायला का नाही सांगितलंत, आणि ते तिने विचारलंही. पाद्रिनो होतो ना, असं अनाक्लेतो म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. योवानाने पुढे होऊन, मी बसवते, असं म्हटलं.

"नको," दोमितिला म्हणाली.

तिने टोपी काढून बाजूला ठेवली, हात स्कर्टला पुसले आणि निळा प्रोसेसर दोन बोटांत कडांना धरून उचलला. तिचा हात जराही हलत नव्हता. बोर्डावरच्या त्या केसासारख्या पायांवर तिने तो अधांतरी धरला आणि त्याच्या एका कोपऱ्यावरची सोनेरी खूण न्याहाळली.

"ही खूण कुठल्या बाजूला, सेन्योर सुल्का?"

कोम्पाद्रे नाही. सेन्योर सुल्का. नाक्यावरच्या अनोळखी दुकानदाराला विचारावं तसं.

"डावीकडे, खालच्या कोपऱ्याला," अनाक्लेतो म्हणाले. "दाबू नका. नुसता सोडा."

तिने तो सोडला, तो जागेवर बसला, तिने दांडी दाबली. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. दोमितिलाने फोन काढून त्या दवाखान्याचा नंबर पुन्हा लावला आणि गाळ्यात तिघंही पलीकडची घंटी ऐकत उभी राहिली. ती बराच वेळ वाजत होती.