शेवटच्या ओळीतली अर्धी मात्रा

दर शुक्रवारी नवीन गाणी येतात, हे मला नातीनं सांगितलं. ती मुलासोबत हैदराबादला असते. मागच्या दिवाळीत चार दिवस नांदेडला आली, तेव्हा तिनं माझ्या फोनमध्ये गाण्यांचं अ‍ॅप टाकून दिलं.

"आजोबा, यात इंडी म्हणून शोधायचं."

"इंडी म्हणजे?"

"म्हणजे कुठली कंपनी नाही पाठीशी. आपलं गाणं आपणच करायचं, आपणच लोकांत सोडायचं."

"आमच्या गायन पार्टीसारखं," मी म्हणालो. तिला गायन पार्टी ठाऊक नव्हती आणि मी सांगत बसलो नाही. त्या विषयावर मी घरात कधीच बोललेलो नाही.

मी मुखेड तालुक्यातला निवृत्त मास्तर. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. शुक्रवारी सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसतो, कानात वायरी घालतो आणि नवीन काय आलंय ते बघतो. गाण्याखाली ऐकणाऱ्यांचा आकडा असतो. जे फारसं कुणी ऐकलेलं नाही, ते मी आधी लावतो. कुण्या पोरानं पिठाच्या गिरणीच्या आवाजावर ठेका धरलेला असतो. कुणी मुलगी आईचं फोनवरचं रागावणं तसंच्या तसं गाण्यात घालते. निम्मं मला कळत नाही, पण मी ऐकतो.

शेजारी म्हणतात, म्हातारा हौशी आहे. तसं नाही. आमच्या काळातली गाणी मला ऐकवत नाहीत. जुनं गाणं लागलं की छातीत काहीतरी हलतं, आणि ते का हलतं हे मला चांगलं ठाऊक आहे. नवीन गाण्यात मला ओळखणारं कुणी नसतं.

पुढे मी कार्यक्रमांनाही जाऊ लागलो. लातूरला एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारी दुपारी पोरं गातात. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून एसटीत मला कुणी तिकीट विचारत नाही. सकाळच्या गाडीनं निघतो, डबा सोबत असतो. पोरं सतरंजीवर बसतात, माझ्यासाठी कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवतं. पहिल्याच वेळी एका मुलीनं विचारलं, "तुम्ही कुणाचे आजोबा?"

"इथं कुणाचाच नाही. ऐकायला आलोय."

तिला वाटलं मी विनोद केला. हसली आणि मैत्रिणींत जाऊन बसली. कार्यक्रम संपला की सगळे घोळक्याघोळक्यानं जिना उतरतात. मी सगळ्यात शेवटी उतरतो, कठडा धरून.

या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी असंच एक गाणं लावलं. गाणारी मुलगी औशाची, सोबत एक गिटारवाला आणि एक ठेका धरणारा. सुरुवातीला नुसती गिटार होती. मग ती म्हणाली, 'पाटीवरचं पहिलं अक्षर माझ्या मायचं नाव.' माझ्या हातातला चहा तसाच राहिला. गाण्याखाली लिहिलेलं होतं, गीत आणि चाल, आणि पुढे माझं नाव.

आता जे आहे ते नीट सांगतो.

माझी पहिली नेमणूक देवणीकडच्या एका गावात झाली. शाळेच्या भिंतीला गिलावा चालला होता. गवंडी माझ्याच वयाचा, चौथी शिकलेला. गिलावा मारता मारता तो गाणी जुळवायचा. थापी आपटायची, एक ओळ. थापी फिरवायची, दुसरी ओळ. मी पोरांना पाढे द्यायचं सोडून खिडकीत उभा राहायचो. त्याला लिहिणं जड जायचं, म्हणून वही मी केली. त्यानं सांगायचं, मी लिहायचं. पुढे आम्ही दोघांनी गायन पार्टी काढली. जयंतीला, लग्नात, बारशाला गायचो. आवाज माझा बरा होता. गाणी सगळी त्याची. सगळी, एकूण एक.

आमच्यात रीत अशी की गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत यायचं. त्याला आम्ही छाप म्हणायचो. कागद हरवो, गाणारे बदलोत, छाप गाण्यात राहते. ज्याचं नाव शेवटच्या ओळीत, त्याचं गाणं. त्यावर कुणी प्रश्न करत नसे. या गाण्याची शेवटची ओळ अशी होती: आधी त्याचं नाव, आणि पुढे 'सांगे, उजेड वाटून खावा.'

नांदेडच्या एका दुकानदारानं आमची कॅसेट काढायचं ठरवलं. नेमका त्या आठवड्यात गवंडी परांचीवरून पडला, पायाला प्लॅस्टर. म्हणाला, "मास्तर, तू जाऊन ये. गाणं तर तुझ्याच गळ्यात हाय."

इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो, की दुकानदारानंच म्हटलं होतं, गाणाऱ्याचं नाव असलं तर कॅसेट बरी खपते. दुकानदारानं असं काही म्हटलं नव्हतं. तो बिचारा मशीनपुढे बसून होता. मुखेडहून नांदेडला येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी मनात ती ओळ माझं नाव घालून म्हणून बघितली. एकदा नाही, नांदेड येईपर्यंत. म्हणजे तोंडातून निसटलं, असंही नाही. मी तालीम करून गेलो होतो.

अडचण एकच आली. त्याचं नाव चार अक्षरी, माझं तीन. तेवढ्यात ओळ भरत नव्हती. मी शेवटचं अक्षर जरा ओढलं, तरी अर्धी मात्रा कमी पडली आणि तिथं गाणं किंचित लंगडलं. दुकानदार म्हणाला, चालतंय.

कॅसेट आली तेव्हा मुखेडच्या आठवडी बाजारात चहाच्या टपरीवर ती लागली होती. काठी टेकत तो आला होता. आम्ही बाकावर शेजारी बसून गाणं ऐकलं. शेवटची ओळ झाली. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "शेवटी ताल गेला बघ, मास्तर."

एवढंच. त्यानंतर त्यानं पार्टीत गाणं सोडलं. पाय दुखतो, म्हणाला. भेटला की जयभीम घालायचा, पोरांची चौकशी करायचा. नवीन गाणं मात्र मला त्यानं एकही सांगितलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. तो गेला तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. मागे बसलो होतो. सूत्रसंचालन करणाऱ्यानं मला बघितलं आणि म्हणाला, गुरुजी आलेत, त्यांनी त्यांचं ते पाटीचं गाणं म्हणून आपल्या मित्राला आदरांजली वाहावी. मी उठलो. नाही म्हणता आलं असतं. त्याच्या फोटोसमोर, त्याच्या बायकोसमोर उभं राहून मी त्याचं गाणं माझं नाव घालून म्हटलं. लोकांनी डोळे पुसले.

तर त्या शुक्रवारी गॅलरीत मी ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. आकडा वाढत होता. बाकीच्या गाण्यांसारखं हे पडून राहणारं नव्हतं. छाप आता गाण्यापुरती उरली नव्हती. ती लिहून झाली होती, आणि माझ्यामागे ती पुसणारं कुणी नव्हतं. जे करायचं ते मलाच करायचं होतं. पुढच्या रविवारी लातूरला त्यांचा कार्यक्रम होता.

मी लवकर पोचलो. पोरं वायरी जोडत होती. मी नाव सांगितलं तशी ती मुलगी धावतच आली.

"जयभीम आजोबा. आवो, आम्ही तुम्हाला किती शोधलं. वडिलांच्या पेटीत कॅसेट सापडली. तिच्यावर नाव धड वाचता येईना, पण शेवटच्या ओळीत होतंच की."

"बाळ, त्या ओळीबद्दलच बोलायचं होतं."

"तीच तर लई भारी हाय," ठेका धरणारा पोरगा मधेच म्हणाला. "तुम्ही तिथं अर्धी मात्रा खाली सोडली ना, तसलं आजकाल कुणाला सुचत न्हाई. आम्ही सगळं गाणं तिच्यावरच बांधलंय. सुरुवातीपासून प्रत्येक ओळीच्या शेवटी तशीच ठेच ठेवली."

ते इतके आनंदात होते. माझी चोरी त्यांनी ओळीओळीला शोभेसाठी लावली होती आणि मी मान हलवत उभा होतो. मला वाटतं, तेव्हाही मी पळ काढला असता. बस स्टँड जवळच आहे.

पण लोक येऊन बसले आणि जिन्याकडची वाट भरली.

ते गाणं शेवटी घेतलं त्यांनी. तिनं माझी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. "शेवटचं कडवं आजोबा म्हणतील." माईक माझ्यापुढे आला. आवाज आता राहिलेला नाही, पण सूर लागला. शेवटच्या ओळीशी आलो आणि मी त्याचं नाव घेतलं. चारही अक्षरं. कितीतरी वर्षांनी ती ओळ सरळ गेली. ठेकेवाला त्याच्या सवयीप्रमाणे अर्धी मात्रा थांबला, मी थांबलो नाही, आणि तो मागे पडला. त्याचा हात चुकला तसे दोघेतिघे हसले.

"असू द्या," मुलगी हळूच म्हणाली. "पुन्हा घेऊ. विसरायला होतं."

"घेऊ. पण मी विसरलो नाही," मी म्हणालो. माईक चालूच होता. "हे गाणं माझं नाही. देवणीकडचा एक गवंडी होता, त्याचं आहे. आता जे नाव घेतलं ते त्याचं. कॅसेटमध्ये मी ते काढलं आणि माझं बसवलं. ते बसलं नाही म्हणून ती ठेच आहे."

मागून एकानं विचारलं, "पण छाप तर तुमची होती ना?"

"मी घातली म्हणून होती."

टाळी वाजली नाही. बरं झालं. वाजली असती तर मी पुन्हा काहीतरी चोरून नेल्यासारखं झालं असतं.

कार्यक्रम आवरल्यावर ती मुलगी वायरी गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी सांगायचं ना, आजोबा. आमचा तर सगळा ठेकाच त्याच्यावर हाय."

"हो."

"काही पुरावा हाय का?"

"वही आहे. माझ्याच अक्षरात आहे, पण छाप त्याची आहे."

घरी येऊन वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तीन आठवड्यांनी, शुक्रवारीच, गाणं पुन्हा आलं. ठेका बदललेला, शेवटची ओळ तिनं नव्यानं म्हटलेली, खाली त्याचं नाव. माझं कुठंच नाही. मी तिला लिहिलं, चांगलं झालंय. तिनं नुसता अंगठा पाठवला. नंतरच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा खुर्ची होती, पण ती माझ्याशी बोलायला आली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

एक काम राहिलं होतं. देवणीकडं, त्याच्या घरी गेलो.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, वाट चुकलात काय?"

"नाही. कामानं आलो."

बसलो. जे लातूरला सांगितलं तेच सांगितलं. मधे पाणी प्यावं लागलं. त्यांचं निवडणं चालूच होतं. मग मी त्यांच्या कानात वायरी घातल्या आणि गाणं लावलं. कमी ऐकू येतं, म्हणून आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि वायरी काढल्या.

"हां. आता बसलं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आवो, गिलावा करताना दिवसभर तेच म्हणून राहायचे. मला कसं ठाऊक नसंल? तुमची ती कॅशेट लागली की मी आपली मनातल्या मनात नीट करून घ्यायची."

"मग त्या दिवशी, पुण्यानुमोदनाला, काही बोलला नाहीत?"

त्यांनी सूप एकदा पाखडलं. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. क्षमा मागायची असं बसमध्ये ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. एसटीत जुळवलेल्या शब्दांची मला आता भीती वाटते. मी ते काढले नाहीत, त्यांनीही विचारले नाहीत.

मग त्याच म्हणाल्या, "परत लावा की."

मी लावलं. दोन्ही वायरी त्यांच्या कानात होत्या, मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्या डोळे मिटून बसल्या आणि सुपाच्या काठावर एक बोट वाजवू लागल्या. त्या बोटावरून मला गाणं कळत होतं. पाटी आली, माय आली, दुसरं कडवं झालं. मी ओळी मोजत शेवटाकडे आलो. आता त्याचं नाव.

बोट अडखळलं नाही.

मी तसाच गाण्याच्या बाहेर बसून होतो.